मेटावरची हाळी

बातम्यांत ‘चौकी’ म्हणतात. मला चौकी म्हटलं की भोरच्या बाजारातली पोलीस चौकी दिसते, दारात तुळशीची कुंडी आणि बाकावर पेंगणारा हवालदार. आमचे हे फौजेत, ते ‘पोस्ट’ म्हणतात. "उद्या पोस्टवर चाललोय." कुठं, किती उंच, कधी परत, काही विचारायचं नाही. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच, आता फोन लागणार नाही.

सासूबाई मात्र दोन्ही शब्द वापरत नाहीत. शेजारणीनं विचारलं, "ल्योक कुठं असतो?" की ह्या म्हणणार, "मेटावर हाय." त्यांचं माहेर राजगडाच्या पायथ्याचं पाली. गडाच्या चढावर पहारेकऱ्यांची वस्ती असायची, तिला मेट म्हणत. पहारा केव्हाच संपला, पण त्यांचे वडील म्हशी घेऊन तिथंच राहायचे.

मला राग यायचा. तिकडं बर्फ, बंदुका, आणि सासूबाईंचं आपलं म्हशींचं मेट! गेल्या हिवाळ्यात ह्यांचा फोन बंद पडला तो पडलाच. जीव नुसता टांगणीला. कचेरीत मोबाईल समोर ठेवूनच बसायची. एकदा भाकरी थापता थापता मी सासूबाईंवर खेकसलेच, "आत्याबाई, मेट नाही हो ते! माणसं जगापासून तुटलेली असतात तिथं."

"मंग मेटावर काय जत्रा असती व्हय?" त्या म्हणाल्या. "दिस कलला की बा वरनं हाळी द्यायचा. आय खालनं वरडायची, ‘आमी हाय वोऽऽ!’ ते ऐकल्याबिगर बा भाकरीला हात लावत नव्हता. तुझ्या नवऱ्यानं बी ऐकलंय, सुटीला तिथंच पडीक असायचा."

मी भाकरी तव्यावर टाकली. इतके दिवस मी ह्यांच्या आवाजाची वाट बघत होते. वरच्या माणसालाही खालचा आवाज हवा असेल, हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं.

फोन आला तो रविवारी दुपारी, मी कपडे वाळत घालत होते तेव्हा. अनोळखी नंबर आणि वाऱ्याची घरघर. "हॅलो... हॅलो... आहेस का?" माझं बोलणं ह्यांना ऐकूच जाईना. विचारायचं ठरवलेलं सगळं राहून गेलं. मग लाज सोडली आणि सगळी आळी ऐकेल अशी ओरडले, "आमी हाय वोऽऽऽ!"

पलीकडं नुसता वारा. हे हसले की रडले, मला अजून ठाऊक नाही.

"ऐकलं," म्हणाले. "आता जेवतो."