न हलणारा आकडा

निपाणीजवळच्या साखर कारखान्यात मी पाळीप्रमुख होतो. संगणक नवा होता. तो बसवणारे येळ्ळूरचे गृहस्थ दर आठवड्याला येत. नमस्कार नाही, चहा नाही. दारातूनच विचारत, "आप्पा, आकडा हलतोय नव्हं?"

आप्पा बॉयलर सांभाळत. पडद्यावर वाफेचा दाब दिसू लागल्यापासून बॉयलरवरच्या सुईकडे कोणी फारसे पाहत नसे.

एकदा आप्पा हसून म्हणाले, "मघाधरनं एकाच जागी हाय, सायेब. बॉयलर लई शाणा झालाय."

गृहस्थांचा चेहरा उतरला. ते बॉयलरकडे धावले, मागोमाग आम्हीही. सुई लाल रेघेला टेकली होती. आप्पांनी वाफ सोडली.

दाबाची नोंद छापणाऱ्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. दाब वाचणे आणि छापणे ही दोन्ही कामे प्रोग्राम एकाच धाग्यात, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, एकामागून एक करी. छपाईसाठी तो खोळंबला, तसे वाचनही थांबले. पडद्यावर जुनाच आकडा राहिला.

गृहस्थांनी दोन्ही कामांचे धागे वेगळे केले. छापणारा धागा कितीही खोळंबला तरी वाचणारा आता थांबणार नव्हता. मग छपाई मुद्दाम बंद पाडायला त्यांनी स्वतःच प्रिंटरमधला कोरा कागद ओढून काढला. पडद्यावरचा आकडा हलत राहिला.

"झालं की, सायेब," आप्पा म्हणाले.

"न्हाय. सुईपाशी जावा आणि वरडून सांगा."

आप्पांनी ओरडून सांगितलेला आकडा पडद्याशी जुळला. गृहस्थांच्या मुठीतला कागद घामाने भिजला होता.