गाडी थांबवणारे साडू

गाडी पकडण्यासाठी धावणारी माणसं मी वऱ्हाडात आयुष्यभर पाहिली. बऱ्याचदा त्यांत मीही होतो. पण केवळ गाडी थांबवण्यासाठी जगणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच झाला, आणि तो माझा साडू होता.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान अकोल्याला वकिली करत. मी अमरावतीला राजापेठेत राहून हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. पन्नास सालानंतर कधीतरी, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरच्या सामानाच्या लिलावात साडूंना विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी मिळाली. इतर वकिलांच्या घरी ज्या खोलीत कायद्याची पुस्तकं असतात, त्या खोलीत यांनी भलंमोठं लाकडी टेबल टाकलं आणि त्यावर बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतचा सगळा मार्ग मांडला. दोन गाड्या, दोन वर्तुळं, आणि मूर्तिजापुरात दोन्ही रूळ एकमेकांना छेदत. प्रत्येक गाडीच्या वेगासाठी एक पितळी मूठ. लोक कौतुकानं गाडी धावताना पाहायला येत आणि गोंधळून परत जात, कारण साडूंना गाडी धावण्यात काडीचाही रस नव्हता. "चालते तं बैलगाडीबी," ते म्हणत. "वक्तावर थांबते का, ते सांगा."

त्यासाठी त्यांच्या परीक्षा असत. इंजिनामागच्या उघड्या डब्यावर काठोकाठ ताकानं भरलेली वाटी ठेवायची, गाडी सोडायची, आणि मध्येच स्वतःच "म्हैस!" असं ओरडून मातीची म्हैस रुळावर ठेवायची. म्हशीच्या हातभर अलीकडे गाडी थांबली पाहिजे आणि ताकाचा थेंब सांडता कामा नये. सांडला की चेहरा पाडून म्हणत, "गेली मानसं." एखाद्या रविवारी तासाभरात शे-दीडशे माणसं दगावत. अक्का दारातून म्हणायच्या, "त्या मानसांपायी माह्या घरात कढीले ताक उरत नाही."

ही खोड टेबलापुरती असती तर गोष्ट वेगळी. टांग्यात पाय ठेवण्याआधी ते टांगेवाल्याला म्हणत, "अगोदर थांबवून दाखव." तो बिचारा थांबलेलाच असे. मग टांगा दहा पावलं रिकामा पळवायचा, थांबवायचा, आणि मग हे चढायचे. कोर्टातही वाक्य कुठं संपवायचं हे ठरल्याशिवाय ते सुरूच करत नसत, त्यामुळे न्यायाधीश त्यांच्यावर खूश आणि पक्षकार नाराज. पक्षकारांना लांबलचक बोलणारा वकील लागतो.

मला हे सगळं पाहून त्यांची कीव येई. मी विज्ञानाचा पदवीधर. माझ्या देखत एक वकील दोन मुठी दोन हातांनी मागं फिरवत बसतो, ही विज्ञानाची बेअब्रूच होती. एका दिवाळीत मी अमरावतीहून तारा, पितळी पट्ट्या आणि एक लालभडक बटण घेऊन गेलो. दोन दिवस खपून अशी जोडणी केली, की बटण दाबताच टेबलावरची सगळी वीज जाईल आणि दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबतील. साडूंनी एकच प्रश्न विचारला, "अन् मंग?"

"मग काय? थांबल्या!" मी म्हणालो. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतो आहे, पण त्या वेळी मला तो अडाण्याचा प्रश्न वाटला.

भाऊबीजेला जमलेल्या वीस-पंचवीस नातेवाइकांसमोर मी प्रात्यक्षिक ठेवलं. आधी वीज या विषयावर छोटंसं भाषण केलं. बायकोच्या मते ते छोटं नव्हतं. दोन्ही गाड्या भरधाव सोडल्या आणि मूर्तिजापूर जवळ येताच बटण दाबलं. गाड्या खाडकन थांबल्या. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला आणि त्याच ऐटीत बटण पुन्हा वर ओढलं. मुठी मात्र मी भरधाव वेगावरच ठेवल्या होत्या. वीज येताच दोन्ही गाड्या एकदम उसळल्या आणि मूर्तिजापुरात अशा भिडल्या, की एक इंजिन थेट माझ्या सासऱ्यांच्या चिवड्याच्या ताटलीत जाऊन पडलं. कोणी हसलं नाही. सासरे हसत नाहीत तोवर आमच्याकडे कोणी हसत नसे. साडूंनी इंजिन उचललं, त्याला लागलेले पोहे फुंकरीनं उडवले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, थांबवणं सोपं असते. थांबलेलं सांभाळावं लागते."

मी ते वाक्य हरलेल्या माणसाची फुशारकी म्हणून सोडून दिलं. वास्तविक हरलो होतो मी.

पुढच्याच वर्षी कापसाच्या मोसमात मी अकोल्याला गेलो असताना ते मला एका जिनिंग फॅक्टरीत घेऊन गेले. भिंतीच्या हद्दीचा काही वाद होता, जागा पाहायची होती. आत सरकी काढणाऱ्या रेच्यांची रांग घरघरत होती, रुईचा धुरळा उडत होता, बाया टोपल्यांनी कापूस ओतत होत्या. साडू मालकाच्या मुनिमाशी बोलत पुढं गेले. मी दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. गिरजाबाई नावाच्या एका मजूर बाईचा पदर चामड्याच्या पट्ट्यात सापडला होता आणि पट्टा तिला चाकाकडे ओढत होता. दोघी-तिघींनी तिची कंबर धरून ठेवली. मी जीव तोडून ओरडू लागलो, "बंद करा! अरे, कोणीतरी बंद करा!" हातवारे करत मी इतका ओरडलो की घसा बसला. साडू धावत आले, त्यांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर असलेला विजेचा मोठा खटका खाली ओढला.

यंत्रं एकदम थांबली नाहीत. चाकं आणखी काही फेरे फिरली, आणि गिरजाबाईचा हात कोपरापर्यंत पट्ट्याला लागलेला असताना सगळं शांत झालं. आम्ही सगळे तिच्याकडे धावलो. साडू जागचे हलले नाहीत. खटक्याला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. बाई तिकडे अडकली आहे आणि हा गृहस्थ भिंतीला चिकटला आहे!

मागच्या दारानं मिस्त्री आला. त्याला काय झालं ठाऊक नव्हतं. "कोनं बंद केलं? काहून बंद केलं?" म्हणत तो सरळ खटक्याकडे गेला आणि त्यानं हात वर केला.

"हात नोको लावू," साडू म्हणाले.

"वकीलसाहेब, सरका. माल अडकून राह्यला."

"बाई अडकून राह्यली. ते बाहेर निघेपर्यंत मी सरकत नाही. चाक हातानं उलटं फिरव, जा."

मिस्त्रीनं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानंच चाक उलटं फिरवलं, एकीनं विळ्यानं पदर कापला, आणि गिरजाबाई मोकळी झाली. कोपर सोलपटलं होतं, हात शाबूत होता. खाली बसून ती आधी रडली आणि मग म्हणाली, "लुगडं नवं होतं वो माय." तेव्हा कुठं साडू भिंतीपासून सुटले.

परतताना टांग्यात त्यांनी पानाचा डबा काढला. त्यांना तो उघडेना. मी उघडून दिला. घर जवळ आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "खटका माझ्या डोक्यावरच होता."

"मले दिसलं."

"मी वर पाहिलंच नाही."

"घाबरला मानूस पाहतच नाही, मास्तर. मी त् लय घाबरट हाओ. म्हनून रोज म्हैस ठेवून पाहतो." एवढं बोलून त्यांनी पान तोंडात टाकलं, आणि घरी अक्कांना काहीही सांगायचं नाही असं मला बजावलं. अक्कांना ते मिस्त्रीच्या बायकोकडून कळलं. त्या रात्री आम्ही दोघांनीही पुष्कळ ऐकून घेतलं.

पुढं माझी बढती झाली, मुलं मोठी झाली, अकोल्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शेवटची भेट झाली ती साठच्या दशकात, एका हिवाळ्यात. मला पोचवायला ते स्टेशनवर आले होते. बरेच वाळले होते. पॅसेंजर उशिरा होती, म्हणून बाकावर बसून आम्ही तुरीच्या शेंगा सोलत राहिलो. मी माझ्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेविषयी बरंच काही सांगितलं, त्यातलं निम्मं चुकलं असावं, कारण ते अधूनमधून गालात हसत होते.

"मास्तर," ते एकदम म्हणाले, "तुमच्यासंग बोलाले बरं वाटते."

"का हो?"

"तुमाले येत काई नाही. पन तुमी थे मान्य करता. वकिलीत असा मानूस भेटत नाही."

मी मोठ्यानं हसलो. गाडी आली, मी चढलो, आणि खिडकीतून त्यांनी उरलेल्या शेंगांची पुडी माझ्या हातात कोंबली. चैत्रात ते गेल्याची तार आली. आता माझंही वय झालं आहे, मुलं-नातवंडं सांभाळून बोलतात, माझ्या चुकांकडे आदरानं काणाडोळा करतात. इतक्या मायेनं मला अडाणी म्हणणारं मात्र पुन्हा कोणी भेटलं नाही.