आत्याबाईंच्या हाताचा गुण

हे मी माझ्या लेकींनाही सांगितलेलं नाही. मालकांना तर नाहीच – आता तेही नाहीत. तुम्हाला सांगते.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सात वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी माकणीला आले. विहिरीजवळ आमचे वांग्यांचे वाफे होते – आणि काय ती वांगी! काटेरी, जांभळी, चुलीत भाजली की घरभर वास. आजही आठवलं की जीव तिकडं ओढतो.

त्यांना कीड लागू न देणं हे आत्याबाईंचं काम. आत्याबाई म्हणजे मालकांच्या विधवा आत्या, माहेरीच राहिलेल्या. लिंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि ते दुधासारखं पांढरं पाणी कडुलिंबाच्या डहाळीनं झाडांवर शिंपडायचं. गावातल्या बाया ते पाणी न्यायला तांब्या घेऊन यायच्या. आत्याबाईंच्या हाताला गुण आहे, म्हणायच्या. घरात त्यांना जो मान होता, तो एवढ्यावरच. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं.

त्यांना मोतीबिंदू झाला आणि कुटण्याचं काम माझ्याकडं आलं. लिंबोळीचा कडूपणा हातावरून जाता जात नाही. राखेनं घासले, चिंचेनं घासले – तरी एका दुपारी मालकांनी ताट सरकवलं. "भाकर कडू लागतीया." नव्या नवरीला तेवढं पुरे असतं. मी खूप रडले, आणि –

आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबोळ्या कुटल्याच नाहीत. अख्ख्याच भिजत टाकल्या. पाणी पांढरं दिसावं म्हणून त्यात ताक ओतलं! आत्याबाई घागरीवर वाकून विचारायच्या, "पांढरं झालं का गं?" मी म्हणायची, "लई झालं." मला हसूसुद्धा यायचं.

महिनाभरात वांगं चिरावं तर आत अळी. एक वाफा धड राहिला नाही. मालक उमरग्याहून कीड मारायच्या पावडरीचा डबा घेऊन आले.

मग एकदा शेजारीण तांब्या घेऊन आली. आत्याबाईंनी तो रिकामाच परत दिला. "न्हाय बाई, माझ्या हाताला आता गुण न्हाय राहिला." मग त्या पांढुरक्या डोळ्यांनी मला शोधत वळल्या. "खरं हाय न्हवं, सूनबाई?"

मालक घरात नव्हते. रागावणारं कुणीच नव्हतं. 'न्हाय' हा एक शब्द – एवढाच तर लागला असता.

मी म्हणाले, "व्हय."