आधी पाणी दाखवा

निमगाव केतकीत सिकंदरभाईंना सगळे डॉक्टर म्हणतात. ते काही शिकलेले डॉक्टर नाहीत. गेली तीस वर्षं गुरांना सलाइन लावायचं, अडलेली गाय सोडवायची, हेच त्यांचं काम. पण गोठ्यात पाय ठेवला की एक हट्ट ठरलेला. जनावर मरायला टेकलेलं असलं तरी ते आधी म्हणणार, "आधी पाणी दाखवा." हौद कोरडा दिसला की मालकाची खैर नसायची.

त्या शनिवारी सापडला म्हातारा दत्तोबा. बोअर बंद पडल्यानं त्याची म्हैस सकाळपासून तहानलेली होती. सुना-नातवंडांच्या देखत सिकंदरभाई कडाडले, "मुकं जनावर हाय, तात्या! तुमास्नी हाक मारून पाणी मागणार हाय व्हय?" दत्तोबा मान खाली घालून उभा राहिला. सिकंदरभाईंना जरा बरंच वाटलं.

घरी येऊन त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मखमल!

मखमल म्हणजे टॅरंटुला, तळहाताएवढी केसाळ कोळ्याची मादी. पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीखाली तिचा एक पाय तुटला होता. लेकीनं, परवीननं, तिला उचलून आणलं आणि काचेच्या पेटीत तीन वर्षं जपलं. जूनमध्ये परवीन शिकायला बारामतीच्या हॉस्टेलवर गेली. जाताना पेटी बापाच्या हवाली केली. वाटीत रोज पाणी, पंधरा दिवसांनी एक किडा, बस्स. "अम्मी तर त्या खोलीत पाऊल टाकत न्हाय," ती म्हणाली होती. "तुमी हाय, म्हणून बिनघोर जाते."

दोन आठवडे त्यांनी केलं. मग राहिलं. कामाचा रगाडा होता हे खरं, पण खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या लेखी ते जनावरच नव्हतं, किडा होता. परवीनचा दर शुक्रवारी फोन यायचा, "अब्बा, पाणी दिलं?" आणि हे बिनदिक्कत म्हणायचे, "दिलं की." असे दहा शुक्रवार गेले.

पेटीतली वाटी कोरडीठाक होती, तळाशी धूळ. मखमलीनं सगळे पाय पोटाखाली मुडपून घेतले होते, पोट मनुक्यासारखं सुरकुतलेलं. सिकंदरभाईंनी गवताची काडी लावली. बऱ्याच वेळानं एक पाय हलला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते तिथंच फरशीवर बसले.

मग त्यांनी ओल्या कापसावर तिला ठेवलं. सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडापाशी पाण्याचा एकेक थेंब सोडला. दिवसातून सहा वेळा. तिसऱ्या दिवशी तिनं पाय पसरले.

आता खायला नाकतोडा हवा होता. हिरवा चारा होता तो दत्तोबाच्याच रानात. "काय शोधताय, डॉक्टर?" म्हाताऱ्यानं विचारलं. "औषधाला नाकतोडं पायजेत," हे तिथंही खोटं बोलले. दत्तोबानं वाकून दोन पकडून दिले आणि भीतभीत म्हणाला, "हौद भरलाय बघा. बघून जाता का?" सिकंदरभाईंना मान वर करवेना. न बघताच ते निघाले.

सातव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मखमलीनं नाकतोडा धरला. संध्याकाळी फोन आला, "अब्बा, पाणी दिलं?"

"दिलं की."

या वेळी ते खरं होतं. पण आवाज तोच, शब्द तेच. खोटं जितक्या सहज निघायचं तितक्याच सहज खरं निघालं.

"मला म्हाईत हाय," परवीन हसून म्हणाली, "तुमी विसरणार न्हाय."

हे मात्र त्यांना सोसवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, दहाच्या दहा शुक्रवारांसकट. आपण दत्तोबाला झापलं तशी पोर आपल्याला झापेल, म्हणून ते वाट बघत राहिले. तिनं झापलं असतं तर बरं झालं असतं.

"जिती हाय ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"व्हिडिओ लावा."

त्यांनी पेटीसमोर फोन धरला. "ही बघ, कशी उभी ऱ्हायलीय, आज नाकतोडा बी—"

"अब्बा," परवीन म्हणाली, "आधी पाणी दाखवा."

सिकंदरभाईंनी मान खाली घातली आणि फोन वाटीकडं वळवला.