छत्तीस गुणांची गोळी

टेक्सासातल्या प्लेनोच्या उत्तरेला, घरं संपून गवताळ माळ सुरू होतो तिथे एक रायफल क्लब होता. विष्णू पोतदार त्या क्लबाचे दोन वर्षं सभासद होते आणि त्या दोन वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती.

संधी नव्हती असं नाही. दर शनिवारी सकाळी साडेआठला ते थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन तिथे हजर असत. कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवत, नेमबाजांच्या मागे घडीची खुर्ची टाकत आणि दुपारपर्यंत बघत बसत. कुणी विचारलं, "विश, तुझा नंबर कधी?" तर म्हणत, "अजून ठरत नाही." काय ठरत नाही ते आता क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं. कोणती गोळी घ्यावी आणि तिला कोणती पावडर द्यावी, ते ठरत नव्हतं.

माणूस तसा बंदुकीच्या वाटेला जाणारा नव्हे. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन अंगणात सोडून यायचे. गडहिंग्लजच्या सोनाराचा हा मुलगा, इथे एका टेलिफोन कंपनीत डेटाबेस सांभाळत होता. तीन वर्षांपूर्वी नागरिकत्व मिळालं, मुलगी राधिका ऑस्टिनला कॉलेजात गेली आणि घर एकदम गप्प झालं. पोतदार संध्याकाळी यायचे, "चहा" म्हणायचे आणि नंतर थेट "झोपतो" म्हणायचे. मधल्या चार तासांना शब्दच नसायचे. त्यांची बायको अहिल्या देवाजवळ दिवा लावताना मुद्दाम मोठ्याने स्तोत्र म्हणे, तेवढाच घरात माणसाचा आवाज.

मग एका रविवारी शेजारचा डॅरेल त्यांना आपल्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. डॅरेल ट्रकच्या गॅरेजातून निवृत्त झालेला, स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. पितळी पुंगळीत मोजून पावडर घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. त्याने कौतुकाने रायफल दाखवली, पण पोतदारांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते काट्याकडे बघत होते. गुंजेचाही विसावा भाग दाखवणारा तो इवलासा काटा.

"बाबा वजन करताना पंखा बंद करायचे," घरी येऊन ते अहिल्येला म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांगायचे, श्वास पलीकडे तोंड करून घ्या."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण सासऱ्यांच्या पंख्याची ही गोष्ट तिने पहिल्यांदाच ऐकली.

पुढच्या आठवड्यात काटा आला. क्लबाची वर्गणी भरली गेली. रायफल आली ती त्यानंतर अकरा महिन्यांनी, काट्याला काहीतरी काम हवं म्हणून.

"कागदावरच मारायची," अहिल्येने बजावलं. "जिवाला नाही."

"अगं, मारतोय कोण? माझं अजून वजन चाललंय."

त्यानंतर एक मोठी वही आली. तिच्यात डावीकडे गोळ्या आणि वर पावडरी, असा तक्ता होता. गोळ्या शंभर प्रकारच्या असतात हे अहिल्येला तेव्हा कळलं. जड, हलक्या, टोकदार नाकाच्या, होडीसारख्या शेपटीच्या. पावडरीही तशाच. कुणी भरभर जळणारी, कुणी सावकाश. आणि रायफलीच्या नळीला आतून जितका पीळ असेल तितक्याच वजनाची गोळी तिला सोसायची. प्रत्येक जोडीपुढे पोतदार छत्तीसपैकी गुण लिहीत.

"ही बघ," ते सांगत, "मुलगी उत्तम आहे, सरळ जाते. पण पावडर तापट. टेक्सासच्या उन्हात भडकते."

"म्हणजे मंगळ आहे म्हणा की."

"कडक मंगळ. आणि ही दुसरी स्वभावाने शांत, पण नळीत काजळी धरते. संसार करेल, घर काळं करेल."

"नळीचं काय म्हणणं आहे?"

"नळी सासू आहे. तिला काहीच पटत नाही."

अहिल्या हसून पोळ्या लाटायला जाई. हसतानाच तिला बरं वाटे की हा माणूस बोलतोय. शनिवारी क्लबातून आला की जेवणाच्या टेबलावर तासभर बोले. डॅरेल काय म्हणाला, वारा कुठून होता, कुणाची गोळी कुठे गेली. तिला त्यातलं निम्मं कळत नसे. तिला कळायचं नव्हतंच. तिला ऐकायचं होतं.

म्हणून २००६च्या सप्टेंबरात क्लबाचं पत्र आलं तेव्हा तिने ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. नियम असा होता की दोन वर्षांत निदान एका सामन्यात गोळी झाडली पाहिजे, नाहीतर नाव कमी. पोतदारांच्या मुदतीतला शेवटचा सामना सात ऑक्टोबरला. एकदा कमी झालेलं नाव क्लब चार वर्षं परत घेत नसे.

तिने ऑस्टिनला फोन लावला. राधिका म्हणाली, "आई, टेल हिम टु जस्ट बाय अ बॉक्स. दुकानात रेडी मिळतात."

हे ऐकून पोतदारांचा चेहरा असा झाला की जणू कुणी दिवाळीचा फराळ बाहेरून आणायला सांगितला. "विकतचं? माझ्या नळीत?"

शेवटी तक्त्यात दोन जोड्या उरल्या. दोघींना एकतीस गुण. पोतदार चार रात्री त्यांच्यापुढे बसले. पाचव्या दिवशी अहिल्येने दोन चिठ्ठ्या केल्या. "तुमच्या त्या मापांच्या पुस्तकात दोन्ही बसतात ना? धोका कशात नाही ना?"

"नाही."

"मग देवाला विचारू."

गणपतीपुढे चिठ्ठ्या ठेवल्या. होडीच्या शेपटीची गोळी आणि सावकाश जळणारी पावडर, असा कौल आला. पोतदारांनी नमस्कार केला आणि वहीत गुणांच्या शेजारी "ग. प्र." म्हणजे गणपती प्रसन्न असं लिहिलं.

आता खंडेनवमी आली. अहिल्या दरवर्षी हत्यारं पुजायची. विळी, शिलाईचं मशीन, व्हॅक्युम क्लीनर, लॅपटॉप, गाडी. यंदा घरात खरोखरचं हत्यार होतं. रायफलीला तिने फूल वाहिलं. काट्यापाशी थबकली. वर कुंकू लावलं तर पावडरीला लागेल, एवढं तिला समजत होतं. म्हणून तिने विचार करून काट्याची ताटली उचलली, खालच्या बाजूला ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि अक्षता वाहून ती परत जागेवर ठेवली.

पोतदारांनी काटा शनिवारीच शून्यावर लावून ठेवला होता. पूजेतली वस्तू उगाच चाळवू नये म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी तो पुन्हा तपासला नाही. घरातला एसी बंद केला, अहिल्येला फोडणी करू नको म्हणाले आणि घामाच्या धारांत दहा काडतुसं भरली. दोन वर्षांनी दहा. रात्री दोघांनी श्रीखंड खाल्लं.

बुधवारी घरच्या गॅरेजमधून हाक आली. "अहिल्या."

ती गेली. पोतदारांनी ताटली उलटी धरली होती. तळाला लाल ठिपका आणि ठिपक्यात एक तांदूळ, छान चिकटून बसलेला.

"हे काय आहे?"

"अक्षता."

"ते दिसतंय. ताटलीखाली कशाला?"

"अहो, वर लावलं असतं तर तुम्हीच ओरडला असता."

ते ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. खुर्चीवर बसले. "दहाच्या दहा चुकलीत. स्थळ मोडलं. आता पहिल्यापासून बघावं लागेल."

"पुन्हा भरा की. अजून दोन दिवस आहेत."

"पुन्हा म्हणजे? वहीच पुन्हा," ते म्हणाले. मग "झोपतो" म्हणाले. तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते.

तो शब्द ऐकला आणि अहिल्या तशीच चपला घालून डॅरेलकडे गेली. तिचं इंग्रजी दुकानापुरतं. हातवारे करून तिने देव, नवमी, कुंकू आणि तांदूळ सांगितला. डॅरेलने शेवटपर्यंत ऐकलं. हसला नाही. मिशीवरून हात फिरवून त्याने एकच विचारलं, "मॅम, तांदूळ लांब होता की बुटका?"

"आंबेमोहोर," अहिल्या म्हणाली.

डॅरेलला ते नाव समजलं नाही, पण विषय गंभीर आहे हे समजलं. तो तिच्याबरोबर घरी आला. पोतदारांना उठवलं. दोघांनी काटा शून्यावर आणला आणि तो तांदूळ बारा वेळा मोजला. डॅरेलने पुस्तक काढलं. ताटली तेवढी जड, म्हणजे पावडर तेवढीच कमी. कमी होऊनही माप पुस्तकातल्या किमान आकड्याच्या वरच होतं. मग त्याने चार काडतुसं उघडून त्यातली पावडर मोजली. चारही सारखी, बरोबर एका तांदळाने कमी.

"धोका काही नाही," डॅरेल म्हणाला. "उलट पावडर जास्त निघाली असती तर ती काडतुसं मी स्वतः फेकून दिली असती. विश, मी बावीस वर्षं एकच पावडर वापरतो. ती चांगली आहे म्हणून नाही. मला शनिवारी घराबाहेर पडायचं असतं म्हणून."

पोतदारांनी वही उघडून "तांदूळ" असा नवा रकाना आखला. उघडलेली चार काडतुसं त्यांनी तांदळाएवढी कमी भरूनच पुन्हा बसवली. दहाची दहा सारखी हवीत म्हणून.

शनिवारी अहिल्याही गेली. सलवार-कमीज, वर राधिकाचा कोट आणि कानांवर जाड झाकणं. दहा जण ओळीने पालथे झोपले. दोनशे यार्डांवर दहा कागदी चकत्या. दहा मिनिटं, दहा गोळ्या. शिट्टी झाली आणि सगळीकडून धडाधड सुरू झालं. पोतदार पडून राहिले.

अहिल्येने मनात अथर्वशीर्ष सुरू केलं. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. शेजारी डॅरेलच्या दहाही झाडून झाल्या. बाकीचेही थांबले. सगळी ओळ माना वळवून एकाच माणसाकडे बघू लागली. क्लबाचा सेक्रेटरी हातातल्या घड्याळाकडे बघत होता. तिसऱ्या आवर्तनाची फलश्रुती चालू असताना पोतदारांची रायफल वाजली आणि लगेच शिट्टी झाली.

कागद आणले. पोतदारांचा कागद कोरा, दुकानातून आणल्यासारखा. सेक्रेटरीने मान हलवली. एवढ्यात डॅरेल आपला कागद घेऊन आला.

"माझ्यात अकरा भोकं आहेत."

सेक्रेटरीने मोजली. अकरा. "यातलं तुझं नाही ते कोणतं?"

डॅरेलने चकतीच्या अगदी मधोमध बोट ठेवलं. "हे. इतकं मधे मला आयुष्यात जमलेलं नाही."

पोतदारांनी चष्मा वर करून बघितलं. "मी तुझ्याच चकतीवर नेम धरला होता वाटतं," ते म्हणाले. "फार वेळ एकाच ठिकाणी बघितलं की शेजारचं आपलंच वाटायला लागतं."

सेक्रेटरीने नियमांची चोपडी उघडली. दुसऱ्याच्या कागदावर गेलेल्या गोळीला शून्य गुण. पण सभासदाने गोळी झाडली पाहिजे, एवढंच लिहिलं होतं. कुठे, ते लिहिलं नव्हतं. त्याने यादीत शेवटचा क्रमांक लिहिला, पुढे शून्य मांडलं आणि पोतदारांना दोन वर्षांचं नवं कार्ड दिलं.

परतीच्या वाटेवर चाळीस मिनिटं पोतदार बोलत होते. "एका गोळीवरून जोडी जमली असं म्हणता येत नाही. नऊ शिल्लक आहेत. पण घाई करायची नाही."

"मुळीच नाही," अहिल्या म्हणाली. "सावकाश बघा."