क्लचची तार तुटली त्या दुपारी

डॉ. तुळशीरामजी गावंडे यांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीच्या स्टेशनावर. पुण्याहून परिचारिकेचे शिक्षण संपवून मी येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू होण्यासाठी उतरले होते. कोणी शिपाई न्यायला येईल अशी अपेक्षा होती. धुळीने माखलेला कोट घातलेले एक गृहस्थ पुढे आले, माझी ट्रंक उचलून त्यांनी मोटरसायकलच्या बाजूला जोडलेल्या एकचाकी जोडगाडीत ठेवली आणि म्हणाले, "तुमीच द्वारकाबाई ना? बसा मांगं. बाळंतीण खोळंबून राहिली." हेच आपले मुख्य डॉक्टर, हे मला रुग्णालयाच्या दारात पोचल्यावर कळले. त्या पहिल्या दिवशी त्यांचे बोलणे मला फार रोखठोक वाटले. संध्याकाळी त्यांनी चहा पाठवला आणि सोबत निरोप दिला, की नव्या बाईंनी आधी झोप काढावी, कामे पळून जात नाहीत.

डॉक्टरसाहेब काळ्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबातले. शहरात खाजगी दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी खेड्यांतल्या बाळंतिणी आपल्या मानल्या. बैलगाडीतून अमरावतीपर्यंत येता येता कित्येकींचे प्राण वाटेतच जात. म्हणून त्यांनी जुनी मोटरसायकल घेतली, तिला डाव्या बाजूने जोडगाडी लावली आणि तिच्यात गादी शिवून घेतली. रोगी जोडगाडीत, डॉक्टर पुढे, आणि मागच्या बैठकीवर मी. नऊवारीचा काष्टा घट्ट कसून मी बसत असे. शहरात त्यावरून कुजबुज झाली तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला हळदीकुंकवाला मुद्दाम सर्वांत आधी बोलावू लागल्या. एकदा भर बायकांत त्या म्हणाल्या, "आमचे डाक्टर एकटे गेले असते तं मले झोप आली नसती. द्वारकाबाई संगं असतात म्हणून मी निजतो." त्यानंतर माझ्यासमोर तरी कोणी तो विषय काढला नाही.

त्यांच्या कार्याविषयी साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात पुष्कळ मान्यवर लिहितील. मी एका दुपारविषयी लिहिते. आज इतकी वर्षे झाली, तरी ती आठवली की माझे तळहात ओले होतात.

रिद्धपूरच्या पलीकडच्या एका गावातून बोलावणे आले. संत्र्यांची बाग करणारे माळी कुटुंब. सून सरू दोन दिवस अडलेली होती. आम्ही गावात शिरत असताना डॉक्टरांच्या डाव्या हातातली क्लचची मूठ एकदम सैल पडली. आतली तार तुटली होती. त्या वेळी त्यांनी तिकडे लक्षही दिले नाही. घरात जाऊन सरूला तपासले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा होता. मूल आडवे होते. शस्त्रक्रियेवाचून सुटका नव्हती, आणि ती अमरावतीखेरीज होणार नव्हती.

बदलायला तार नव्हती, गावात ती मिळणेही अशक्य. बैलगाडीने पोचायला रात्र उलटली असती. डॉक्टर मोटरसायकलभोवती एक फेरी घालून आले.

"बाई, क्लच नसला तरी गिअर पडते," ते म्हणाले. "इंजिनचा वेग अन् चाकाचा वेग जुळला पाह्यजे फक्त. पण मले दोन्ही हात मुठीवर ठेवा लागन. दांडी तुमाले ओढा लागते."

गिअरची दांडी त्या यंत्राला टाकीच्या उजव्या अंगाला होती. मी मागून हात घातला तर तो तिथवर पोचत होता. मी म्हटले, "मला जमेल का, डॉक्टरसाहेब?"

"मी 'आता' म्हटलं का हलकेच ढकला. जोर नाही लावाचा. वेग जुळला असन तं लोण्यातून केस निघावा तशी जाईन. करकर वाजली तं तिथंच थांबा, मी पुन्हा जुळवतो. अन् एक ध्यानात ठेवा, वाटेत आपल्याले उभं राहता येत नाही. गाडी थांबली का इंजिन बंद पडन. मंग एवढ्या ओझ्यानं ढकलाले माणसं कुठून आणसान?"

सरूला गादीवर निजवले. तिचा नवरा किसन जोडगाडीची कड सोडीना. त्याला बसायला जागा नव्हती. तो बैलगाडीने मागून येणार होता. त्याने हात जोडले आणि एवढेच म्हणाला, "डाक्टरसाहेब, दोघायलेही वाचवजा."

डॉक्टरांनी इंजिन सुरू केले. किसन, त्याचा भाऊ आणि शेजारी यांनी गाडी ढकलत पळवली. "आता!" मी दांडी ढकलली. आत काहीतरी दाणकन बसले, आम्हाला हिसका बसला, सरू किंचाळली, आणि गाडी चालू लागली. वरचा गिअर घेताना डॉक्टरांनी इंजिनचा आवाज क्षणभर खाली आणला, "आता," आणि दांडी खरोखरच अलगद सरकली. मला हायसे वाटले, पण ते सुख पहिल्या नाल्यापर्यंतच टिकले.

नाल्याची उतरण खडबडीत आणि पलीकडचा चढ उभा. चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर पडायला हवा होता. खालच्या गिअरवर येताना उलटे करावे लागते. दांडी मधे आणायची, इंजिनचा आवाज चढवायचा, मग पुढे सारायची. मी मधे आणली. डॉक्टरांनी आवाज चढवला. "आता!" दांडी करकरली आणि आत जाईना. गाडी उताराने पाण्यापर्यंत आली होती. डॉक्टर ओरडले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "राहू द्या. पुन्हा घेऊ." त्यांनी आवाज आणखी चढवला, "आता," आणि चाके पाण्यात शिरता शिरता गिअर पडला. चढ संपेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वेगळीच काळजी सुरू झाली. सरूचे कण्हणे थांबले.

"बोलून राहिली काय ते?" डॉक्टरांनी विचारले. त्यांना मान वळवता येत नव्हती.

मी उजवा हात दांडीवर ठेवून डाव्या हाताने तिचा खांदा चाचपला. कपाळ गार लागले. "सरू, अगं सरू!" उत्तर नाही. डॉक्टरांना काय सांगावे ते मला कळेना. "नाडी लागते आहे," एवढे मी म्हणाले. ते खरे होते, पण नाडी फार बारीक लागत होती.

अमरावती जवळ आली तेव्हा सरकी काढणाऱ्या जिन-कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली. पुढे एका गाडीचे चाक निखळून ती रस्त्यात आडवी पडली होती. कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली पोती, सांडली होती, गाडीवान वाद घालत होते. जायला वाट नव्हती आणि आम्हाला थांबता येत नव्हते.

डॉक्टरांनी गिअर खाली घ्यायला लावला, मोटरसायकल रस्त्याशेजारच्या मोकळ्या वावरात उतरवली आणि तिथे गोल फेऱ्या घालायला सुरुवात केली. फेरी उजवीकडे ठेवली, म्हणजे जोडगाडी उचलली जाणार नाही. मी गाडीवानांना ओरडून सांगत होते, "बाळंतीण आहे! वाट करा हो!" आधी ते नुसते बघत राहिले. वावरात गरगर फिरणारे यंत्र आणि मागे ओरडणारी बाई, त्यांना काय वाटले असेल कोण जाणे. मग एक म्हातारा गाडीवान इतरांवर खेकसला, "अबे पाहून काय राहिले? उचला!" आणि सगळे आडव्या गाडीला भिडले.

त्या फेऱ्यांत सरूने डोळे उघडले. "बाई," ती पुटपुटली, "गाडी काहून फिरून राहिली? घर मांगं राहिलं ना?"

मी म्हटले, "राहिलं गं, आलंच आता रुग्णालय." डॉक्टरांनी तिचे बोलणे ऐकले. त्यांचे खांदे किंचित खाली आले, ते मला मागून दिसले.

रुग्णालयाच्या फाटकात त्यांनी इंजिन बंद केले आणि हात धुवायला धावले. शस्त्रक्रिया झाली. सरू वाचली. मुलगा झाला होता. तो रडलाच नाही.

सकाळी किसन बैलगाडीने पोचला आणि आवारातल्या कडुलिंबाखाली उभा राहिला. ही बातमी सांगणे एरवी आम्हा परिचारिकांवर येई. डॉक्टरसाहेब स्वतः गेले. त्याला खाली बसवले, स्वतः त्याच्यासमोर मातीत बसले आणि म्हणाले, "किसनभाऊ, तुमी दोघायले वाचवा म्हटलं होतं. मले एकच जमलं." किसनने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. मग म्हणाला, "तिले पाहू द्याल का, साहेब?" डॉक्टर त्याला हाताला धरून आत घेऊन आले.

त्या महिन्यात त्यांनी सरूच्या गावाच्या भागातल्या मोर्शीला बाळंतिणींसाठी शस्त्रक्रियेची सोय असलेली खोली व्हावी म्हणून खटपट सुरू केली. अधिकाऱ्यांच्या दारी ते इतके गेले, की शिपाई त्यांना पाहताच खुर्ची पुसू लागत. खोली झाली. गावोगावच्या सुइणींना बोलावून तिथे शिकवणेही सुरू झाले. पुढे सरूला मुलगी झाली, ती त्याच खोलीत, आणि त्या वेळी डॉक्टरांना अमरावतीहून जावेच लागले नाही. त्याचाच त्यांना अधिक आनंद झाला.

आज ते साठीत प्रवेश करीत आहेत. या ग्रंथाच्या संपादकांनी मला केवळ गौरवाचे लिहायला सांगितले आहे, पण मनातली काळजी लपवणे मला जमत नाही. गेल्या हिवाळ्यात अंजनगावहून परतताना त्यांच्या छातीत कळ आली. रस्त्याकडेला थोडे टेकले आणि पुढच्या रोग्याकडे गेले. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. रस्त्याकडेला छाती धरून बसलेले त्यांना त्या रोग्याच्या आईने पाहिले होते, तिने वहिनींना सांगितली. समारंभ आटोपला की तपासून घेईन, असे वहिनींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. रोग्यांना दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही. स्वतःविषयी दिलेला ते कितपत पाळतात, याची मला शंका आहे.

म्हणून परमेश्वराजवळ माझे मागणे साधे आहे. डॉक्टर तुळशीरामजींना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे हात आजच्यासारखे स्थिर राहोत, आणि त्यांनी एकदा तरी आमच्या रुग्णालयातल्या खाटेवर स्वस्थ पडून आपल्या छातीचे ठोके दुसऱ्या कोणाला ऐकू द्यावेत. खाटेवरची चादर मी घालून ठेवली आहे.