गुरुवारची दोरी

दर गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी सोपानकाका फाटकाशी हातात दोरी घेऊन उभे असायचे. धुतलेला पायजमा, कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि मनगटाला गुंडाळलेली ती जाडजूड सुती दोरी. शाळेत नव्यानेच आलेल्या एका बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा काळजीने विचारलं, "गाय सुटलीय का हो तुमची?" काका म्हणाले, "गाय न्हाई बाई, वासरं न्यायला आलोय." तेवढ्यात आम्ही वासरं उधळत बाहेर आलोच.

दोरी त्यांच्या कंपनीतली. यंत्रांच्या लाकडी खोक्यांना बांधून यायची आणि मग भंगारात जायची. काकांनी साहेबांना विचारून तिचा एक लांब तुकडा घरी आणला, धुतला आणि हातभर अंतरावर एकेक जाड गाठ मारली. दापोडीतून कुठेही जायचं म्हणजे एकतर रेल्वेचे रूळ ओलांडा, नाहीतर मुंबई-पुण्याचा रस्ता. रस्त्यावर ट्रक नुसते सुसाट जायचे. म्हणून प्रत्येकाने एकेक गाठ धरायची. पुढे काका आणि मागे आमची माळ. "गाठ सोडायची न्हाई. सोडली त्याचा पुढचा गुरुवार बंद," एवढा एकच त्यांचा कायदा. माझा धाकटा भाऊ बाळ्या घरीदारी कुणाचं ऐकत नसे, पण नाकाला खाज सुटली तरी गाठ सोडत नसे. खांद्याला नाक घासत तसाच चालायचा.

गुरुवारच का, हे आमच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडच्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी आणि शाळांना रविवारी. म्हणजे आमचा रविवार बापाशिवाय जायचा आणि बापांचा गुरुवार आमच्याशिवाय. माझे बाबा गुरुवारी आठवड्याची झोप काढायचे, उठले की दळण आणायचे आणि पुन्हा झोपायचे. बाप लेकरांना घेऊन फिरायला जातो, ही गोष्ट आमच्या चाळीत कुणाच्या डोक्यातच नव्हती. आमची शाळा सकाळची, दुपारी सुटणारी. गुरुवारची दुपार दोन्हीकडे मोकळी असते, हे फक्त सोपानकाकांच्या लक्षात आलं. "अर्धीच हाय, पर सामाईक हाय," असं ते शेताच्या बांधाबद्दल बोलावं तसं म्हणायचे.

ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. गाव बीडकडचं. सुरुवातीला आईला त्यांचं हे खूळ अजिबात पटेना. एकटा पुरुषमाणूस दुसऱ्यांची पोरं गोळा करून फिरतो म्हणजे काय? एकदा तिने तोंडावरच विचारलं, "तुमची स्वतःची लेकरं कुठायत हो, भावजी?"

"मपली बी हाय की, वहिनी. छबू. गावाकडं असती."

मपली म्हणजे माझी. त्यांच्या गावची बोली. बाळ्याला त्या शब्दाचं भारी हसू यायचं. काकांची आई अंथरुणाला खिळलेली होती. गावातलं घर सोडून ती हलायला तयार नव्हती आणि तिचं सगळं त्यांची बायको करायची, म्हणून मायलेकी गावाकडे. काका वर्षातून एकदा, दिवाळीला जायचे. "मला बगून दाराआड जाती पोरगी," ते आईला म्हणाले. "तिच्या आईला इचारती, पाव्हना कवा जानार म्हून." हे सांगताना ते हसत होते आणि लख्ख घासलेला स्टोव्ह पुन्हा पुसत होते. पुढच्या गुरुवारपासून आईने आमच्या दशम्यांबरोबर त्यांच्याही वाटच्या बांधायला सुरुवात केली.

दोरीवरची पहिली गाठ, काकांच्या हाताला लागून असलेली, नेहमी रिकामी असायची. ती धरायला आम्ही सगळे टपलेले असायचो, कारण काकांच्या शेजारी चालणाऱ्याला पिशवीतला खाऊ आधी दिसणार. पण काका ती कुणालाच देत नसत. "ती छबूची हाय. ती आली की धरंल." बाळ्या एकदा फारच रडला, तेव्हा त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, पण गाठ दिली नाही.

या सगळ्या सहली म्हणजे त्यांची तयारी होती. छबू एक ना एक दिवस येणार, तेव्हा तिला कुठे कुठे न्यायचं हे पक्कं असलं पाहिजे. त्यासाठी ते प्रत्येक ठिकाण आधी आमच्यावर आजमावून बघायचे. परत निघताना आम्हाला ओळीत बसवून गंभीरपणे विचारायचे, "मग? छबूला आवडंल का हे?" आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्याबद्दल आमच्याइतकं ठामपणे कुणी बोललं नसेल. छबूला चिखल आवडणार नाही. छबूला इंजिनाची शिट्टी आवडेल, पण लांबून. बाळ्याच्या छबूला तर कायम कुल्फीच आवडायची. काका त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचे, म्हणायचे, "लई लबाड हाय तुपली छबू," आणि कुल्फीवाल्याला हाक मारायचे.

आमच्या सहली तरी कसल्या! रेल्वेच्या फाटकाशी बसून मालगाडीची वाट बघायची आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात करायचा. त्याने हिरवं निशाण हलवलं की दिवस सार्थकी लागला. पिंपरीच्या बाजूला रस्त्याकडेला उभं राहून, नव्याकोऱ्या स्कूटरी भरून निघालेले ट्रक बघायचे आणि आपापली स्कूटर निवडायची. मी कायम निळी निवडायचे. ती निळी स्कूटर कुणा दुसऱ्याच्या घरी जाणार या विचाराने मला खरंच वाईट वाटायचं.

सगळ्यात मोठी सहल म्हणजे होडीतून नदी ओलांडून सांगवी. तेव्हा तिकडे नुसती शेतं आणि पेरूच्या बागा. एका बागेतल्या आजीबाई आमची ती माळ बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "व्हय रं बाबा, ही समदी तुजीच का?"

"न्हाई आजी. मपली अजून यायचीय."

"आजून यायची हाय? बया बया, आन् कुटं ठिवशील तिला?" असं म्हणत त्यांनी आमच्या ओच्यांत पेरू टाकले. काकांनी त्यातला एक पेरू आम्हाला खाऊ दिला नाही. तो त्यांच्या खिडकीत ठेवलेला मी नंतर बघितला. तो तिथेच पिकला आणि नासला.

मी चौथीत होते तेव्हा काकांची आई गेली. ते गावी गेले आणि पंधरवड्याने परत आले ते बायको आणि छबूला घेऊन. आख्खी चाळ बाहेर आली. बारीकशी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, आईच्या पदरामागून बघणारी मुलगी. आम्ही इतकी वर्षं जिची आवडनिवड ठरवली, ती ही. आम्ही सगळ्यांनी एकच गिल्ला केला, "काका, छबू आली! काका, छबू आली!" जवळजवळ दोन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी तिला पाणी हवं होतं. आमच्यासारखंच तीही म्हणाली, "काका, पानी."

तिची आई खसकन वळली. काकांनी हातानेच तिला गप्प केलं, आणि छबूला पाणी दिलं. त्यानंतर ती त्यांना काकाच म्हणू लागली. जाता-येता पोरांच्या तोंडून तेच ऐकत होती, त्यामुळे तिचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. आणि काका दर वेळी "ओ" देत होते.

पहिल्या गुरुवारी काकांनी तळवड्याला हुरडा खायला जायचं ठरवलं होतं. त्यांच्या खात्यातल्या एकाचं तिथे शेत होतं. हे ठिकाण आम्हालाही नवीन, खास राखून ठेवलेलं. छबूला आमच्याच शाळेत घातलं होतं. फाटकाशी काकांनी दोरी उलगडली, पहिली गाठ हातात घेऊन पुढे केली आणि म्हणाले, "ये. ही तुपली." छबूने गाठीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागे येऊन माझ्या आणि बाळ्याच्या मधे घुसली. माझीच गाठ तिने माझ्या हातावरून धरली. काकांनी ती रिकामी गाठ पुन्हा आपल्या मुठीत घेतली. मग "चला," म्हणाले.

हुरडा छान होता. शेतवाल्याने आग्रह करकरून खायला घातलं. पण परत निघताना काकांनी आम्हाला ओळीत बसवलं नाही आणि छबूला आवडलं का, हे कुणालाच विचारलं नाही.

असे बरेच गुरुवार गेले. एकदा नळावर मी छबूला न राहवून विचारलं, "अगं, ते तुझे वडील आहेत. तू त्यांना काका का म्हणतेस?" ती म्हणाली, "ते समद्यांचेच हायत. मपले कामून म्हनू?" मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. संध्याकाळी ती चाळीतल्या सगळ्या खोल्यांमधून फिरून आली आणि आल्या आल्या मला बजावलं, "या गुरुवारी तुमच्यातलं कुणी जायचं नाही. आणि काकांना कारण सांगायचं नाही."

आम्हाला हा अन्याय वाटला. छबूला आमच्यात यायचं नसेल तर तिने घरी बसावं ना, आमचा गुरुवार का? पण सगळ्या आया एक झाल्यावर काय चालणार? त्या गुरुवारी शाळा सुटली आणि आम्ही एकेक जण काकांसमोरून पळत सुटलो. कुणाच्या पोटात दुखत होतं, कुणाकडे पाहुणे येणार होते. बाळ्याला काहीच सुचेना. तो "काका, मला आवडतच नाही," असं म्हणाला आणि भोकाड पसरून पळाला. काका दोरी उलगडून उभे. समोर एकटी छबू.

मी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीआडून बघत होते. छबूने दोरीचं अगदी शेवटचं टोक धरलं. तिच्यात आणि काकांमधे आख्खी दोरी, सगळ्या गाठी रिकाम्या, दोरी रस्त्यावरून घासत चाललेली. अशी ती दोघं नदीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. छबू काकांच्या खांद्यावर झोपलेली आणि दोरी पिशवीत. काका आमच्या दाराशी थांबले. "वहिनी, लेकरं कामून आली न्हाईत आज?"

"अभ्यास आला हो सगळ्यांना," आई म्हणाली, "एकदमच."

काका तिच्याकडे बघत राहिले. घरात शिरण्याआधी त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही छबूला घेरलं. कुठे गेला होतात? काय खाल्लं? ती एकच सांगायची, "न्हाई सांगनार." पुढच्या गुरुवारी दोरी निघाली, तेव्हा बाळ्या सवयीने पुढे घुसला. छबूने त्याला ढकललं. "सरक. ही गाठ मपली हाय. आबा, सांगा की त्याला!" आबा. काकांनी इतक्या मोठ्यांदा "ओ" दिली की फाटकावरचा शिपाई बघायला लागला. त्या दिवशी निघाल्यापासून ते पुढे बघून चाललेच नाहीत. आम्ही सगळे रुळांपाशी अडखळलो तेही त्यांच्यामुळेच.

ती दोघं त्या गुरुवारी कुठे गेली होती, याचा हेवा मला कितीतरी वर्षं वाटत राहिला. आमच्यापैकी कुणी म्हणायचं सर्कशीला, कुणी म्हणायचं पुण्याला. बाळ्या मोठा झाला, कंपनीत लागला, तरी त्याचं मत कुल्फीच होतं.

सोपानकाका गेले तेव्हा माझं लग्न होऊन मला मुलगा झाला होता. काही आजारपण नाही, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी मुलाला कडेवर घेऊन दापोडीला गेले. दिवसकार्य झाल्यावर माणसं पांगली आणि छबू आणि मी काकांच्या त्याच खोलीत बसलो. दोरी खिडकीशेजारी खुंटीला होती, मळून काळी झालेली. मी विचारलं, "छबू, आता तरी सांग. कुठे गेला होतात गं त्या दिवशी?"

"कुठंच न्हाई, ताई. नदीकाठी बसलो. आबानं पहिल्यांदाच मला इचारलं, तुला काय आवडतं म्हून. तवर समदं तुमालाच इचारायचे की. मी म्हनलं, मला मपली आजी आवडती. आजीकडं जायचंय." तिने खुंटीवरच्या दोरीकडे पाहिलं. "तर आबा एकदम रडायलाच लागले. म्हनले, मला बी. मपली आई व्हती ती. मला तवर ठावंच नव्हतं गं, आजी त्यांची आई व्हती म्हून. कुनी सांगितलंच नव्हतं. मग मी त्यांचं तोंड पुसलं, फ्राकानं. आन् आमी लई येळ दोघं बी रडलो."

माझा मुलगा तेवढ्यात रांगत खिडकीपाशी गेला होता आणि उभं राहून दोरीची एक गाठ ओढत होता. माझ्या नवऱ्याचीही सुट्टी गुरुवारीच असते. मी म्हणाले, "छबू, ही दोरी मला देशील?"

तिने उठून मुलाच्या हातातून गाठ हलकेच सोडवली आणि दोरी छातीशी धरली.

"नवी करून दीन, ताई. ही न्हाई. ही मपली हाय."